पिसाची गरी आणि पहिली सही

ये गं, इकडे सरक. मागच्या वेळेसारखी दारात चप्पल घालूनच बसू नकोस. मागच्या वेळी आलीस, पंधरा मिनिटं बसलीस, त्यातली दहा फोनमध्ये गेली, आणि चहा अर्धा ठेवलास. आलं घातलेला चहा होता तो, मुद्दाम तुझ्यासाठी. आता हे मी कागदावर लिहितेय, म्हणजे तू मध्येच उठलीस तरी मला दिसायचं नाही. पण बस. आजीचं एवढं ऐक.

मला तुझा राग आलाय. आधीच सांगून टाकते.

तू हिमाचलला गेलीस, थंड नदीत मांडीभर पाण्यात उभी राहिलीस, आणि पिसाची माशी बांधलेल्या गळाने ट्राउट धरलास. फोटो दाखवलास. मासा देखणा होता, अंगभर ठिपके, खोटं कशाला बोलू. छातीपर्यंत रबराची विजार, डोक्यावर टोपी, बाजूला शिकवणारा माणूस. मग तो मासा तू सोडून दिलास. मी विचारलं, 'सोडलास कशाला?' तर म्हणालीस, 'आजी, तुला नाही कळणार. ते खाण्यासाठी नसतंच. पाण्यात शांत उभं राहायचं, निसर्गाशी कनेक्ट व्हायचं.'

तुला नाही कळणार. हे शब्द घेऊन मी पंधरा दिवस या घरात फिरतेय. परवा तर तव्यावर भाकरी करपली.

तुझी चूक नाही म्हणा. तुला कुणी सांगितलंच नाही. तुझ्या आईला यातलं थोडं माहीत आहे, पण तिने लाजेने सांगितलं नसणार. आणि एक गोष्ट तर मी तिलाही सांगितलेली नाही.

तुझे आजोबा आणि मी लालबागची खोली सोडून मीरा रोडला आलो, तेव्हा तुझी आई नुकती कॉलेजात गेली होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चार मजल्यांची बिल्डिंग, प्लास्टर ओलं, जिना अर्धा, पाणी टँकरचं. पुढच्या बाजूला रस्ता व्हायचा होता. पण मागच्या बाजूला, बाई, मागच्या बाजूला खाजण होतं. खाजण म्हणजे खाडीलगतची सखल जमीन. मध्ये मातीचा लांब बांध, बांधाच्या पलीकडे तिवरांची झाडी आणि खाडी. मी मागची खिडकी उघडली आणि चिखलाचा वास आला. तुझे आजोबा म्हणाले, 'बंद कर, घाण वास येतोय.' मी बंद केली नाही. माझ्या माहेरी रत्नागिरीकडे खाडीला हाच वास. लालबागच्या खोलीत वीस वर्षं काढली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आपण घरी आलो.

त्या बांधाला एका जागी उघाडी होती. तुला उघाडी माहीत नसणार. बांधाला ठेवलेलं पाण्याचं दार ते. दोन बाजूंना दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांतून वर-खाली सरकणाऱ्या लाकडी फळ्या. भरती आली की फळ्या टाकायच्या, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही, किंवा हवं तेवढंच शिरतं. ओहोटी लागली की फळ्या काढायच्या, म्हणजे आतलं पाणी बाहेर जातं. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. हे नीट लक्षात ठेव, कारण पुढचा सगळा घोटाळा इथेच आहे. उघाडी पाणी बाहेर जाण्यासाठी असते.

ती उघाडी सांभाळायची एक आगरी म्हातारी, शेजारच्या गोडदेव गावची. भातशेती केव्हाच बंद पडली होती, तरी फळ्या टाकायला-काढायला ती यायची, आणि पाणी बाहेर पडताना तोंडाशी जाळं लावून कोळंबी, बोय, मिळेल ते धरायची. पहिल्या दिवशी मी काठी घेऊन बांधावर चढले तर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

'कोन गो तू? बिल्डिंगवाली?'

'हो.'

'मंग हतं कनाला आलीस? साडी खराब होल.' म्हणजे, इथे कशाला आलीस.

'होऊ दे. गरी टाकायची आहे.'

'बायको मानूस गरी टाकतं?' ती हसली. तोंडात दोनच दात होते. 'टाक. माज्या जाल्यात टाकू नको म्हंजे झाला.'

गरी म्हणजे गळ गं, आमच्याकडे गरीच म्हणतात. माहेरी माझे वडील गरीवर जिताडा धरायचे, खाडीतला मोठा मासा तो. मुलींच्या हातात काठी द्यायची पद्धत नव्हती. मी बांधावर बसून नुसती बघायचे, आणि बघून बघून शिकले. वाचायलाही तशीच शिकले, वाण्याच्या पुड्यांचे कागद जोडून. शाळा दुसरीपर्यंत. सही मात्र मी लग्नानंतर गिरवून गिरवून अशी घोटली की पोस्टातला बाबू म्हणायचा, काय अक्षर आहे. त्या सहीचा मला फार गर्व होता. तेही लक्षात ठेव.

सुरुवातीला मी कोळंबी लावून मासे धरायचे. कोळंबी घरात झाकून ठेवायची. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची गुजराती बेन खाली आली. पदर नाकाला.

'भाभी, ये झिंगा का बास मेरे मंदिर तक आता है. आप पकडो, मेरा ना नहीं है. पण घर में मत रखो ने.'

मला राग आला, पण तिचं खरं होतं. कोळंबी मोरीत ठेवलेली, आणि तिचं देवघर बरोबर आमच्या मोरीच्या वर. तरी मी फुणफुणले, 'मग काय लावू गरीला, तुमचं फरसाण?' ती हसायला लागली. तिचं शिवणकाम होतं, ब्लाऊज शिवायची. मला तिच्या मशीनवरची रेशमी दोऱ्याची रिळं दिसली आणि डोक्यात आलं, की जिताडा काही वास घेऊन झडप घालत नाही. तो हालचाल बघतो. पाण्यात पळणारं काहीतरी चमकदार दिसलं की पुरे.

स्टेशनजवळच्या चिकनवाल्याकडून मी कोंबड्याच्या मानेची पिसं आणली. धुतली, वाळवली. गरीच्या दांड्यावर पिसं ठेवून बेनच्या रेशमी दोऱ्याने आवळून बांधली. चमक यावी म्हणून माझ्या लग्नाच्या शालूच्या काठाची जर उसवली, चार बोटं. तुझ्या आजोबांनी ते बघितलं आणि दोन दिवस धुमसत होते. गाठ पाण्यात सुटू नये म्हणून वर तुझ्या आईची नेलपॉलिश लावली, गुलाबी. तुझी आई ओरडली ती वेगळीच. आणि ही पिसाची गरी मला कुणी शिकवली नव्हती हं. तुझ्या फोटोतल्या त्या माणसाने डबी उघडून दाखवली ना, त्यातली एक अगदी माझ्यासारखी आहे. म्हणून तर मी फोटो मोठा करून मोठा करून बघत होते. तुला वाटलं, आजीला चष्म्यातून दिसत नाहीये.

बांबूची काठी बारा फुटी, टोकाला तंगूस बांधलेला, तो जाड नायलॉनचा दोरा असतो ना तो. चाक नाही, काही नाही. फळ्या निघाल्या की उघाडीतून पाणी धावत बाहेर पडतं आणि पाण्याबरोबर बारीक मासळी वाहत येते. खालच्या अंगाला, फेस संपतो तिथे, जिताडा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. आपण हलायचं नाही. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. पीस फेसाच्या कडेला टाकायचं आणि प्रवाहात आडवं पोहू द्यायचं, काठीचं टोक जरासं थरथरवत. आजूबाजूला निवट्या, ते चिखलातले बारके मासे, उड्या मारतायत, तिवरावर खंड्या बसलाय, तोही माझ्यासारखाच खाली बघतोय. घोट्याला चिखल गार लागतो. डोकं रिकामं होत जातं. किती वाजले, घरात काय संपलंय, कोण काय म्हणालं, काही उरत नाही. आणि मग एकदम धाड. जिताड्याने घास घेतला की दार आपटल्यासारखा आवाज होतो.

हे मला कळणार नाही म्हणतेस तू.

म्हातारी जाळ्यापाशी बसून बघायची. 'पीस खातं त्यो येडा,' म्हणायची. 'तुज्या पिसाला भुलला.' मासा बांधावरच साफ करायचा, डोकं तिला द्यायचं, कारण दात नसले तरी तिला डोक्याचंच कालवण आवडायचं. भरतीची वेळ मला माहेरून पाठ होती, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ. तीही तसंच मोजायची. कॅलेंडरवरची तिथी बघून मी स्वयंपाक आवरायचे, आणि बांधावर पोचायचे तेव्हा ती पहिली फळी उचलत असायची. आम्ही कधी ठरवून भेटलो नाही. चार-पाच वर्षं अशी गेली. मी सोडून नाही दिला मासा कधी. खाल्ला, वाटून खाल्ला. पण बोटभर जिताडं आलं की ती माझ्या हातातून घेऊन आतल्या पाण्यात टाकायची. 'वारूं दे,' म्हणायची, म्हणजे वाढू दे.

आता राग येतो ती गोष्ट.

आमच्या सोसायटीचे चेअरमन तळमजल्यावर राहायचे. गिरगावातून आलेले, रिटायर झालेले, इंग्लिश फार चांगलं. तुझे आजोबा सेक्रेटरी, म्हणजे नावाला. चेअरमन बोलायचे, आजोबा लिहायचे. एकदा जिन्यात त्यांनी आजोबांना गाठलं. हे मला नंतर बेनने सांगितलं, तिने वरून ऐकलं होतं.

'तुमच्या मिसेसना जरा सांगा. पाहुणे येतात, मागच्या खिडकीतून दिसतं. चिखलात साडी खोचून उभ्या असतात. आपली चांगली वस्ती आहे, लोकांना काय वाटेल?'

तुझे आजोबा घरी येऊन मला एवढंच म्हणाले, 'रविवारी नको जात जाऊ.' मी म्हटलं, 'रविवारी तिथी नसते का?' तो विषय संपला असं मला वाटलं.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला कंपाउंडमध्ये पाणी साचलं होतं, घोटाभर, तीन तास. ओहोटी लागल्यावर उघाडीतून निघूनही गेलं. पण निघून जाताना बघायला कुणी नव्हतं, सगळे ऑफिसला. परत आले तेव्हा जमीन ओली आणि सगळ्यांचं बोट उघाडीकडे. समुद्र तिथून आत येतो, म्हणे. इंग्लिश येणाऱ्या माणसांना दार दिसलं, पण ते कुठल्या बाजूला उघडतं हे बघायला एकालाही बांधापर्यंत चालवलं नाही. वीस पावलं गं. आमच्या माहेरी पाच वर्षांच्या पोराला कळतं ते. मीटिंग पुरुषांची झाली. मला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी चेअरमननी जिन्याखाली टेबल मांडलं. नगरपालिकेला द्यायचं पत्र होतं, टाइप केलेलं, इंग्लिशमध्ये. मी दूध घेऊन येत होते.

'या वहिनी. महिलांच्याही सह्या हव्यात. तुमची पहिली करा, तुमचं अक्षर छान आहे असं ऐकलंय.'

'कशाचं आहे?'

'डास, घाण पाणी. आपल्याच भल्याचं.'

मी तुझ्या आजोबांकडे बघितलं. ते टेबलाखाली पेनाचं टोपण शोधत होते. पिशवी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि सही केली. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. वेलांट्या वळवून वळवून. मागे चार बायका उभ्या होत्या, त्यांनी बघितलं. किती ताठ मानेने जिना चढले मी.

दोन आठवडेही झाले नसतील. षष्ठी होती, ओहोटीच्या वेळेला मी काठी घेऊन निघाले तर बांधावर ट्रक. उघाडीच्या दोन खांबांमध्ये माणसं राडारोडा टाकत होती, फुटक्या विटा, लाद्यांचे तुकडे. एकजण सिमेंट कालवत होता. म्हातारीच्या फळ्या उपटून बाजूला फेकलेल्या, आणि ती त्या फळ्यांवर बसलेली. जाळं मांडीवर.

मी अंगावरच गेले मुकादमाच्या. 'किसने बोला बंद करने को? इधर से पानी बाहर जाता है. तुम्हाला कळतंय का काय करताय ते?'

माणूस वाईट नव्हता. खिशातून घडी केलेला कागद काढला. 'मावशी, माझ्यावर कशाला ओरडता. तुमच्याच बिल्डिंगचं लेटर आहे. बघा ना, पहिली सही तर लेडीजची आहे.'

वरचं इंग्लिश मला वाचता येत नव्हतं. खालचं एवढंच वाचता आलं. माझं स्वतःचं अक्षर.

म्हातारी उठून माझ्याजवळ आली. कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

'तुजी हाय?'

आणि मी म्हणाले, 'नाही.'

तिने जाळं खांद्यावर टाकलं. 'मना वाचता येत न्हाय,' ती म्हणाली. 'तू सांगशील ता खरा.' आणि गोडदेवच्या वाटेने निघून गेली. फळ्या तिथेच ठेवून.

हेच ते. तुझ्या आईला हे माहीत नाही. चेअरमनचा राग, नवऱ्याचा राग, ते सगळं मी चारचौघांत बोलले. या 'नाही'चा राग मात्र आतच राहिला, आणि अजून तो जरासुद्धा जुना झालेला नाही.

घरी आले. तुझे आजोबा पेपर वाचत होते.

'तुम्ही टाइप केलंत ते पत्र?'

'ऑफिसात केलं. चेअरमननी मजकूर दिला.'

'त्यात उघाडी बंद करा असं होतं?'

'तसंच काहीतरी.'

'तसंच काहीतरी नाही. होतं का नव्हतं?'

'होतं.'

'आणि मी सही करत होते तेव्हा तुम्ही टोपण शोधत होता.'

ते म्हणाले, 'लोक बोलतात गं तुझ्याबद्दल. मला ऐकावं लागतं.'

मी म्हटलं, 'लोकांनी बोललेलं तुम्हाला ऐकू येतं. मला वाचता येत नाही ते मात्र वाचून दाखवता येत नाही.' आणि काठी त्यांच्या खुर्चीमागे उभी करून ठेवली, रोज दिसावी म्हणून. त्या दिवसापासून पावसाळ्यापर्यंत आमच्या घरात मासा शिजला नाही. दोडका, पडवळ, दुधी, परत दोडका. माणूस मालवणचा. एका दुपारी ताट बघून म्हणाले, 'किती दिवस?' मी म्हटलं, 'पत्रात लिहिलं नव्हतं का?'

तिकडे खाजणात आत अडकलेलं पाणी उन्हाने आटत चाललं. आधी हिरवं झालं, मग काळं. बोय वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागली. मग एका सकाळी खिडकीतून बघितलं तर पांढरं पांढरं तरंगत होतं. मी गेले खाली. ती वारूं दे म्हणून टाकलेली जिताडं, हाताएवढी झालेली, कडेला उलटी पडली होती. मी तिथे उभी राहून मोजायला लागले आणि मग थांबले, कशाला मोजायचं. संध्याकाळी बेन खाली आली, पदर नाकाला, पण या वेळी डोळे भरलेले. 'भाभी, ये बास तो झिंगा से भी बहुत खराब है.' चेअरमननी वॉचमनला फिनाईल टाकायला सांगितलं. फिनाईल. एवढ्या मोठ्या तळ्यात एक बाटली.

मग पावसात जे व्हायचं तेच झालं. दोन दिवस धो धो पडला, आणि आलेलं पाणी जायला वाटच नव्हती. गेल्या वर्षी घोटाभर होतं ते गुडघाभर झालं. तीन तासांत उतरलं होतं ते उतरेचना. तळमजल्यावरचे सगळे जिन्यात येऊन बसले. चेअरमनचा सोफा विटांवर चढवलेला, तरी खालची झालर भिजत होती. त्यांनी मला वर येताना बघितलं.

'वहिनी, तुम्ही खाडीच्या जाणत्या. भरती उतरून गेली, तरी पाणी का जात नाही?'

तो आवाज मऊ होता. मला तोच जास्त लागला. मी तिथेच, जिन्यात, सगळ्यांसमोर बोलले. 'जात नाही, कारण तुम्ही दार बुजवलंत. ते पाणी येण्याचं दार नव्हतं, जाण्याचं होतं. एवढं इंग्लिश लिहिलंत, एक ओळ मराठीत मला विचारली असती तर. माझी सही घेतलीत, माझं म्हणणं नाही घेतलंत. अक्षर छान आहे म्हणालात. आता त्या अक्षराने पाणी उपसा.'

बेनने वरून माझ्यासाठी पाण्याचा तांब्या पाठवला. आणि तुझे आजोबा घरात गेले. मला वाटलं, लपले. तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात पहार घेऊन बाहेर आले. बिल्डिंगच्या कामावरची जुनी पहार होती, गॅलरीत पडून असायची. माझ्याकडे न बघताच म्हणाले, 'चल. कुठे हाणायचं ते दाखव.'

आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यातून बांधापर्यंत गेलो. दुपारची वेळ, पण आभाळाने अंधारून आलेलं. बांधावर म्हातारी आधीच उभी होती, डोक्यावर पोत्याची खोळ. तिच्या गोडदेवच्या घरातही पाणी शिरलं होतं, म्हणून आली होती. आजोबांनी पहिला घाव घातला, सिमेंटचा टवका उडाला. मी तिच्याजवळ गेले. पावसात मोठ्याने बोलावं लागलं, आणि ती गोष्ट मोठ्याने बोलणं फार अवघड होतं.

'ती सही माझी होती.'

'म्हाईत हाय,' ती म्हणाली. 'हान.'

'मी खोटं बोलले तुझ्याशी.'

'हान गो. बोल मागनं.'

मी आजोबांच्या हातातून पहार घेतली. विटा आतून कच्च्याच होत्या, ठेकेदाराने सिमेंट वाचवलेलं. पाण्याचा जोरही आतून होता. तिघांनी आळीपाळीने हाणलं, आणि एकदा भोक पडल्यावर पाण्यानेच बाकीचं ढकललं. तळमजल्यावरची पायपुसणी, रबरी चेंडू, कुणाची तरी चप्पल, सगळं वाहत खाडीत गेलं. दिवेलागणीपर्यंत कंपाउंड कोरडं. तेव्हा म्हातारीने पहार माझ्या हातात दिली आणि विचारलं, 'पीस हाय का गो घरा?' ती मला माफ केलं असं म्हणाली नाही. एवढंच विचारलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही, म्हणून तर राग संपत नाही. भोक म्हणजे उघाडी नव्हे. त्याला खाचा नाहीत, फळ्या नाहीत. पुढच्या वर्षी नगरपालिकेने तिथे सिमेंटचा पाइप टाकून दिला आणि बांध वरून गुळगुळीत केला. म्हातारी बघायला आली. 'याला काय उघरू आन् काय झाकू?' म्हणाली, आणि मग यायची बंद झाली. मीच जायचे तिच्याकडे, डोकं घेऊन, बाजारातल्या माशाचं. पाइपातून बारीक मासळी नीट येईना, तशी जिताडा तोंडाशी उभा राहीना. मग खाजणात भराव पडला, त्यावर पहिली बिल्डिंग झाली, मग दुसरी. ज्या जागेला आता तुम्ही मागचं पार्किंग म्हणता, तिथे मी चार-पाच किलोचा जिताडा ओढलेला आहे.

तुझ्या आजोबांनी सॉरी म्हटलं नाही कधी. त्या पिढीच्या पुरुषांना तो शब्द यायचाच नाही. पण त्यानंतर दरवर्षी चैत्रात ते ऑफिसातून एक अर्ज टाइप करून आणायचे, पाइपाच्या तोंडाला फळ्यांची उघाडी करून द्या म्हणून. सही करण्याआधी मला समोर बसवून एकेक ओळ मराठीत वाचून दाखवायचे. मी म्हणायचे, 'पुन्हा वाचा.' ते पुन्हा वाचायचे. मग पहिली सही माझी, दुसरी त्यांची, तिसरी बेनची, चौथा म्हातारीचा अंगठा. उत्तर एकदाही आलं नाही. अंगठा गेला, मग आजोबा गेले, आणि अर्ज थांबला.

माझ्याकडे ती डबी आहे अजून, पिसाच्या गऱ्यांची. नेलपॉलिश पिवळी पडलीय, शालूची जर मात्र तशीच चमकतेय. गेल्या महिन्यात भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं पाणी होतं, संथ, निवळ. मी पार्किंगच्या मागच्या कठड्याला धरून पाइपापर्यंत गेले. खाडीच्या बाजूला तिवर परत वाढलेत. पाणी बाहेर पडत होतं, आणि फेसाच्या कडेला काहीतरी जड वळलं. आवाज झाला नाही, नुसतं पाणी वळलं. मासा असेल, नसेलही. माझे डोळे आता तसे राहिले नाहीत.

तुला इंग्लिश येतं. नुसतं येत नाही, तुझं पोट त्यावर चालतं. तर तो अर्ज तू नव्याने लिही. पण मला समोर बसवून, ओळ अन् ओळ मराठीत वाचून दाखवून. त्याशिवाय सही मिळायची नाही. आणि ती रबराची विजार आणू नकोस, इथे चिखल पायालाच लागलेला बरा.

येत्या अष्टमीला ये. सकाळी सहाला भरती असेल, म्हणजे आठच्या सुमाराला पाणी बाहेर पडायला लागलेलं असेल. साडेसातला आलीस तर चहा पिऊन निघता येईल, आणि या वेळी सगळा प्यायचा. अष्टमीला नाही जमलं तर पुढच्या अष्टमीला ये, पण त्याच्या पुढे ढकलू नकोस गं. माझे गुडघे बांध चढायला आताशा कुरकुरतात, आणि तुला कुठे उभं राहायचं ते मला जागेवर दाखवायचंय.